शास्त्र आणि संसार : पाण्याची रंगीत साक्ष

चांगलें पाणी कोणतें, या प्रश्नास आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आलें आहे. जें दिसावयास निर्मळ, जिभेस गोड आणि ज्यांत तुरीची डाळ लवकर शिजते, तें पाणी चांगलें. यांतील शेवटची कसोटी तर मोठी मार्मिक आहे. जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात आणि त्यांच्या योगानें डाळ टणक राहते, हें रसायनशास्त्रानें मागाहून सांगितलें. आपल्या आजीबाईंनीं तें चुलीपुढें बसून आधींच जाणलें होतें. तथापि पाण्याचा एक दोष असा आहे कीं, तो या तिन्ही कसोट्यांस चकवितो. इतकेंच नव्हे, तर डाळीच्या कसोटींत दोषी पाण्यासच अधिक गुण मिळण्याचा संभव असतो. त्या दोषाचें नांव फ्लोराइड. तो नुसत्या डोळ्यांस ओळखतां यावा म्हणून रसायनज्ञांनीं रंगाचे व प्रकाशाचे जे उपाय शोधले, त्यांविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय परक्या देशाचा नाहीं. आमच्या नागपूर शहरास पेंच व कन्हान यांचें पाणी मिळतें व तें नळांत येण्यापूर्वीं तपासलें जातें. म्हणून शहरांतील वाचकांस या दोषाची झळ फारशी लागत नाहीं. परंतु चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत अशीं गांवें आहेत कीं, तेथील लहान मुलांच्या दांतांवर प्रथम खडूसारखे पांढरे व पुढें तपकिरी डाग दिसूं लागतात. लोक म्हणतात, दांत घांसले नसतील. वस्तुतः घांसण्याचा यांत कांहीं संबंध नसतो. दांत हिरडीच्या आंत घडत असतांनाच त्यांच्या घडणींत फ्लोराइड अधिक शिरलेलें असतें. असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें, आणि त्यांतील प्रमाणही मोठें असलें, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठतो व पाय वांकडे होतात. एकदां हाडांस आलेला हा विकार औषधानें परत जात नाहीं. आपल्या देशांत या रोगाची शास्त्रीय नोंद प्रथम १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून झाली.

हें फ्लोराइड येतें कोठून? कोणी तें विहिरींत टाकलेलें नसतें. खडकांतील खनिजांत तें मुळापासून असतें व जमिनीखालचें पाणी खडकांत दीर्घकाळ मुरून राहिलें म्हणजे त्यांत उतरतें. फ्लोरस्पार नांवाच्या ज्या दगडांत तें विपुल असतें, तो दगड चंद्रपूर जिल्ह्यांतही सांपडतो. पूर्वीं गांव उथळ विहिरीचें पाणी पीत असे. १९७२ च्या दुष्काळानंतर गांवोगांवीं खोल कूपनलिका खणल्या गेल्या. त्यांनीं तहान भागविली व पटकीसारख्या रोगांचें भयही कमी केलें, हा त्यांचा उपकार विसरतां येत नाहीं. परंतु कांहीं ठिकाणीं त्याच नळीनें खालच्या खडकांतील फ्लोराइड वर आणलें. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते. कॅल्शियम व फ्लोराइड यांची गांठ पडली म्हणजे दोघे मिळून न विरघळणारा क्षार होऊन खालीं बसतात. म्हणून ज्या पाण्यांत फ्लोराइड पुष्कळ, त्यांत कॅल्शियम बहुधा थोडें असतें. म्हणजेच तें पाणी मृदु असतें, साबणास फेस देतें आणि डाळही सुखानें शिजवितें. घरचा परीक्षक त्यास पहिला क्रमांक देतो, आणि मुलाचे दांत पुढें त्या निकालाची किंमत देतात.

भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा ठरविली आहे. दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे किती, हें मनांत यावें म्हणून असें समजा कीं, एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल असा हौद कांठोकांठ भरला आणि त्यांत एक ग्रॅम फ्लोराइड मिसळलें. इतक्या अल्प वस्तूस डोळा कसा पाहणार? तो पाहत नाहीं. त्याला साक्षीदार उभा करावा लागतो, आणि तो साक्षीदार म्हणजे रंग.

रंगाला साक्षीस बोलावण्याची ही कल्पना आपल्या घरांस मुळींच नवीन नाहीं. पोथ्या लिहिण्यासाठीं हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून शाई करीत असत. हिराकशींतील लोह व हिरड्यांतील तुरट द्रव्य एकत्र येतांच काळा रंग उमटतो. हाच संयोग उलट बाजूनें पाहिला म्हणजे ती लोहाची परीक्षा होते. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तांब्याच्या जंगालांत हिराकशीची भेसळ ओळखण्याची युक्ति लिहून ठेविली आहे: मायफळाच्या काढ्यांत भिजविलेला कागद त्यावर लावावा; काळा पडला तर भेसळ आहे. आपल्याकडील रसार्णव ग्रंथांतही धातूंच्या ज्वालांचे रंग वेगवेगळे सांगितले आहेत व तांब्याची ज्वाला निळी म्हटली आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत तिकडे लक्ष वेधलें आहे. आणि कुंकवाचें काय? हळकुंडांस टाकणखार व लिंबाचा रस यांचीं पुटें देऊन जें लाल कुंकू होतें, त्याच जातीच्या संयोगावर पाण्यांतील बोरॉन मोजण्याची एक मान्य पद्धति आधारलेली आहे. हळदीचें रंगद्रव्य बोरॉनशीं मिळून लाल होतें आणि लाली जितकी गडद तितकें बोरॉन अधिक. हळदीकुंकवाच्या तबकांत अशी एक प्रयोगशाळा ठेवलेली असते, हें आमच्या घरांतील लेकीसुनांस सांगितलें म्हणजे त्यांस मौज वाटते.

आतां फ्लोराइडाच्या परीक्षेकडे वळूं. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे धन विद्युत् असलेले व ऋण विद्युत् असलेले असे कण सुटे होतात. त्या कणांस आयन म्हणतात. फ्लोराइड हा ऋण आयन आहे. त्यास स्वतःचा रंग नाहीं. परंतु झिर्कोनियम या धातूची त्यास विलक्षण ओढ आहे. रसायनज्ञांनीं या ओढीचा उपयोग करून घेतला. अॅलिझरीन नांवाचें एक रंगद्रव्य झिर्कोनियमशीं बांधलें असतां तांबडें दिसतें व सुटें झालें असतां अशा आम्ल द्रवांत पिवळें पडतें. या तांबड्या द्रवांत फ्लोराइडयुक्त पाणी ओतलें कीं, फ्लोराइड झिर्कोनियमला रंगद्रव्याच्या हातून ओढून नेतें आणि तांबडा रंग पिवळसर होत जातो. किती पिवळा झाला, हें छापील रंगपट्टीशीं ताडून पाहिलें म्हणजे पाण्यांतील प्रमाण कळतें. दुसऱ्या एका रंगद्रव्याशीं हाच व्यवहार केला असतां लाल रंग फिका होत जातो व तो उपकरणानें मोजतात. चोर दिसत नाहीं, पण त्यानें नेलेल्या वस्तूची जागा रिकामी दिसते. न्यायशास्त्रांत ज्यास कार्यावरून कारणाचें अनुमान म्हणतात, तें हेंच.

रंगाच्या परीक्षेंत मात्र एक अडचण आहे. भर दुपारीं अंगणांत दिवा लावला तर तो किंचित् मंद झाल्याचें कोणास कळत नाहीं. काळोख्या रात्रीं एक काजवा चमकला तरी दुरून दिसतो. अल्पस्वल्प रंगबदल ओळखणें हें दुपारच्या दिव्यासारखें कठीण काम आहे. म्हणून शास्त्रज्ञांनीं काजव्याची वाट धरिली. कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, डोळ्यांस न दिसणारा अतिनील प्रकाश त्यांवर पडला असतां तीं तो गिळून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. हिवतापावर देण्याचें क्विनाइन पाण्यांत विरघळवून उन्हांत धरलें असतां द्रवाच्या पृष्ठभागीं निळसर तेज दिसतें. जॉन हर्शेल यानें १८४५ सालीं त्याचें वर्णन केलें आणि १८५२ सालीं जॉर्ज स्टोक्स यानें त्याचें कारण सांगून या गुणास फ्लोरस्पार दगडावरूनच नांव दिलें, कारण त्या दगडाच्या कांहीं प्रकारांतही असें तेज आढळतें. आपण मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतों. म्हणजे आमच्या विदर्भांतील मुलांच्या दांतांस डागणाऱ्या द्रव्याचें नांव आणि त्यास पकडूं पाहणाऱ्या प्रकाशाचें नांव हीं दोन्ही एकाच दगडाच्या पोटचीं आहेत.

क्विनाइनच्या त्या द्रवांत मीठ टाकलें असतां निळें तेज मंदावतें, कारण मिठांतील क्लोराइड आयन तें शमवितात. दिवा मंद झाला यावरून क्लोराइड कळलें. याच्या उलट, आयन येतांच दिवा लागावा, अशीही योजना करतां येते. १८६७ सालीं गोपेल्सरोडर या रसायनज्ञानें दाखविलें कीं, मोरिन नांवाच्या वनस्पतिजन्य रंगद्रव्यास अॅल्युमिनियमचा आयन भेटला म्हणजे तें हिरव्या तेजानें उजळतें. नोटा पारखण्यासाठीं दुकानांतून जो जांभळा दिवा ठेवतात, त्याच्याखालीं स्पिरिटांत कालविलेली हळद धरून पाहावी. पिवळसर हिरवें तेज दिसेल. दिव्याकडे मात्र टक लावून पाहूं नये व मुलांस तर पाहूं देऊंच नये.

अर्वाचीन रसायनज्ञ हे दिवे निसर्गांत शोधीत बसत नाहींत. ते स्वतः घडवितात. अशा रेणूचे बहुधा दोन भाग असतात. एक भाग ग्राहक. त्याच्या पोकळींत किंवा हातांत ठराविक आयनच बसावा अशी त्याची घडण असते. चार्ल्स पेडरसन यानें १९६७ सालीं कड्यासारखे रेणु करून दाखविले, व त्या कड्याच्या मापाचा धातु-आयन त्यांत नेमका बसतो असें सिद्ध केलें. त्याबद्दल १९८७ सालीं त्यास इतर दोघां संशोधकांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा भाग दीप. ग्राहक रिकामा असतांना त्यांतील एक इलेक्ट्रॉन दीपाकडे उडी घेतो व दीप विझलेला राहतो. आयन येऊन बसला म्हणजे तो इलेक्ट्रॉन अडकून पडतो व दीप लागतो. श्रीलंकेंत जन्मलेले व बेलफास्ट येथें अध्यापन केलेले अमिल्रा प्रसन्न डिसिल्वा यांनीं या योजनेचा फार चांगला विस्तार केला. रुग्णालयांतून रक्तांतील सोडियम, पोटॅशियम तपासण्याच्या यंत्रांत या तत्त्वावर घडविलेले रेणु काम करीत आले आहेत.

आपल्या प्रांतांतही हा उद्योग चालू आहे. जळगावच्या विद्यापीठांतून व कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतून धातु-आयन व ऋण आयन ओळखणाऱ्या रंगीत व दीप्तिमान् द्रव्यांवर कितीतरी शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. अशा संशोधनाचा क्रम साधारणपणें असा असतो. प्रथम रेणु तयार करावा. मग एका ओळींत कांचेच्या कुप्या मांडून प्रत्येकींत तो रेणु व एकेक निराळा आयन घालावा. बाराचौदा कुप्या तशाच राहतात व एकच रंग बदलते किंवा उजळते. नंतर इतर आयनांच्या गर्दींतही तो आपल्या सोबत्यास ओळखतो कीं नाहीं, किती अल्प प्रमाणापर्यंत ओळखतो व कोणत्या आम्लतेंत ओळखतो, हें पाहावें. एका कुपीनें रंग बदलावा आणि तिच्या शेजारणींनीं बदलूं नये, यांतच सारी परीक्षा आहे. साक्षीदार बोलका असून भागत नाहीं. तो नेमका असावा लागतो.

येथें आम्हांस एक परखड गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. फ्लोराइडासाठीं घडविलेल्या अशा रेणूंपैकीं पुष्कळ रेणु आपलें काम पाण्यांत करीतच नाहींत. ते अॅसिटोनायट्राइल किंवा त्यासारख्या सेंद्रिय द्रावणांत रंग बदलतात. त्यांत थोडें पाणी घातलें कीं, रंग पूर्ववत् होतो. कारण असें कीं, फ्लोराइड आयन लहान असून त्याभोंवतीं पाण्याचे रेणु घट्ट चिकटून बसतात. त्या कड्यांतून त्यास बाहेर ओढण्याइतका जोर त्या ग्राहकाच्या हातांत नसतो. कोरड्या द्रावणांत एकाकी सांपडलेल्या फ्लोराइडास ओळखणें वेगळें आणि विहिरीच्या पाण्यांत, बायकार्बोनेट, सल्फेट व क्लोराइड यांच्या मेळ्यांत त्यास ओळखणें वेगळें. पहिल्यानें शोधनिबंध होतो. दुसऱ्यानें मुलाचे दांत वांचतात.

यावर कोणी म्हणेल कीं, शास्त्राची परीक्षा तात्काळ उपयोगानें करूं नये. तें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. गोपेल्सरोडरच्या हिरव्या तेजापासून रुग्णालयांतील यंत्रापर्यंत पोहोंचावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मधल्या प्रत्येक पिढीनें निरुपयोगी वाटणारेंच कांहीं तरी केलें. द्रावणांत केलेला अभ्यासही व्यर्थ नसतो. कोणती ओढ किती बलवान् हें त्यांतूनच कळतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विहीर हें या प्रवासाचें मुक्कामाचें ठिकाण आहे, याचा विसर पडूं नये. आमच्या वाचकांच्या कित्येक घरीं मुलगा किंवा सून रसायनशास्त्रांत संशोधन करीत असेल. तिनें आपली कुपी दाखविली म्हणजे वडील मंडळींनीं कौतुक तर करावेंच, पण त्यापुढें एक प्रश्न अवश्य विचारावा: हा रंग कूपनलिकेच्या पाण्यांतही बदलतो काय? ज्या संशोधकास याचें उत्तर होय असें देतां येईल, त्याचें काम फार मोलाचें समजावें.

हा मुक्काम गांठण्याचें एक उदाहरण आमच्याच शहरांत आहे. १९५८ सालीं नागपुरास केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ सालीं तिचें नांव बदललें व आज तिला सर्वजण नीरी म्हणून ओळखतात. या संस्थेनें पाण्यांतील फ्लोराइड कमी करण्याची जी रीति बसविली, तिला तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्यावरून नलगोंडा पद्धति असें नांव मिळालें. तिला लागणाऱ्या वस्तु तुरटी, चुना व विरंजक चूर्ण इतक्याच. त्या ठराविक प्रमाणांत घालून पाणी ढवळावें, सावकाश पुंजके बनूं द्यावे, गाळ खालीं बसूं द्यावा व वरचें पाणी गाळून घ्यावें. खेडेगांवांत मिळणाऱ्या वस्तूंनीं खेड्याचें दुःख निवारावें, ही यामागील दृष्टि आम्हांस फार आवडते.

परंतु त्यांतही रंगाची साक्ष चुकत नाहीं. तुरटी किती घालावी, हें पाण्यांत मूळचें फ्लोराइड किती व क्षारता किती यांवर अवलंबून असतें; अंदाजानें घातलेली तुरटी म्हणजे नाडी न पाहतां दिलेलें औषध. शिवाय शुद्ध केलेल्या पाण्याच्या परीक्षेंत एक खांच आहे. तुरटींतील अॅल्युमिनियमचा अंश पाण्यांत राहिला असेल तर तो फ्लोराइडास धरून ठेवितो व रंगद्रव्याकडे जाऊं देत नाहीं. त्यामुळें रंगपट्टीवर फ्लोराइड खऱ्याहून कमी दिसण्याचा संभव असतो. पाणी सुधारलें असें वाटतें, पण साक्षीदाराचें तोंड दाबलेलें असतें. म्हणून अशा पाण्याचा नमुना अधूनमधून प्रयोगशाळेंत पाठवून विद्युदग्रानें तपासून घेणें श्रेयस्कर. फ्लोराइडासाठीं लँथॅनम फ्लोराइडाच्या स्फटिकाचा असा विद्युदग्र १९६६ सालीं निघाला व आज तो प्रयोगशाळांतून सर्रास वापरतात.

१९१९ सालच्या गृहिणीस जें शक्य नव्हतें तें २०१९ नंतर शक्य झालें आहे. त्या सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या योजनेंत प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांस पाणी तपासण्याची पेटी वापरण्याचें शिक्षण द्यावें, असें ठरलें. पाण्याचा हंडा आजवर जिच्या डोक्यावर होता, तिच्याच हातीं पाण्याची परीक्षाही यावी, यांत मोठें औचित्य आहे. चार थेंब घालून रंग पाहणारी ती बाई संस्कृत जाणत नसेल, इंग्रजीही जाणत नसेल. पण तांबडें व पिवळें तिला कळतें, आणि आपल्या लेकराच्या दांतांवर डाग पडूं नये हें तर तिला सर्वांहून अधिक कळतें.

शहरांतील वाचकांचें खेड्यांतील शेतीवाडीशीं व कुळघराशीं नातें अजून तुटलेलें नाहीं. सुटींत मुलें तेथें जातात, कांहींचे वडील तेथेंच राहतात. म्हणून व्यवहाराच्या तीन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. आपल्या गांवच्या कूपनलिकेचा फ्लोराइडाचा आंकडा काय आहे, हें ग्रामपंचायतींत विचारावें, आणि तपासणी झालेली नसेल तर ती करवावी. पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें, हें घरांतील सर्वांस समजावून सांगावें. आणि आंकडा १.५ हून अधिक निघाल्यास आठ वर्षांखालील मुलांच्या पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याची तरी दुसरी सोय प्रथम करावी, कारण त्यांचे कायमचे दांत त्याच वयांत घडत असतात. आंघोळीस व धुण्यास तेंच पाणी चालेल. निर्मळ, गोड व डाळ शिजविणारें पाणी चांगलें, ही आजीबाईंची कसोटी आपण मोडीत काढूं नये. तिच्या जोडीला चार थेंबांची ही रंगीत साक्ष घ्यावी, म्हणजे झालें.